टेकलंय की सुटलंय?

रणपिसे सर वर्गात आले की आधी फळ्याकडे जात नसत, खिडकीकडे जात. कल्याणच्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी. गणिताचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, पुलाच्या बाजूला होता. पुलावरून ट्रक गेला की खिडकीची काच चौकटीत वाजायची. आम्हाला तो आवाज ऐकूही येईनासा झाला होता, इतकी सवय झालेली. सरांना मात्र तो सहन होत नसे. त्यांच्या खिशात कायम कागदाचे तुकडे असत. औषधाच्या दुकानातली पावती, लग्नपत्रिकेचा कोपरा, असलंच काहीतरी. एक तुकडा काढून ते त्याची घडी घालत, घडीवर नख फिरवत, पुन्हा घडी घालत. ती पाचर काच आणि चौकट यांच्यामधल्या फटीत सरकवत आणि पुढच्या ट्रकची वाट बघत उभे राहत. आम्हीही वाट बघत बसायचो. ट्रक यायचा. काच गप्प राहायची.

"टेकली," सर म्हणायचे. मग खडू उचलायचे.

मला हे सगळं नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. मी खडवलीची. माझे वडील स्टेशनबाहेर शेअर रिक्षा चालवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे शिक्षकाबद्दल असं लिहायचं असतं का, हे विचारायलाही घरात कुणी नाही. आईला मी दोन वर्षं सरांच्या गोष्टी सांगत होते. तिला गणितातलं काही कळत नसे, पण "तुझ्या पाचरवाल्या सरांनी आज काय केलं?" असं ती भाकऱ्या करता करता विचारायची.

सर आम्हाला नावाने हाक मारत नसत. स्टेशनाने मारत. मी खडवली. ओंकार म्हणून एक मुलगा होता, तो कोपर. टिटवाळा होती, अंबरनाथ होता. आणि सगळ्यांना अहो-जाहो. "खडवली, उठा, पुढची ओळ सांगा." पहिल्या आठवड्यात आम्ही खूप हसलो. मुलांना कुणी अहो म्हणतं का? एकदा ओंकारने विचारलंच, "सर, तुम्ही आम्हाला अहो का करता? कसंतरीच वाटतं राव. सासरे झाल्यासारखं."

सर म्हणाले, "मला शाळेत सगळे अरे म्हणायचे. बाकीच्या पोरांनाही म्हणायचे म्हणा. पण मला म्हणताना त्या 'अरे'ला जरा वेगळा वास यायचा. तेव्हा ठरवलेलं, आपण शिकवलं तर हा प्रश्नच ठेवायचा नाही." मग लगेच, "चला कोपर, पुढे."

त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

सर मुळात शिक्षक नव्हते. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात होते. जनरेटरचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्यावर पत्र्याची पेटी बसवतात, कॅनोपी म्हणतात तिला. अशा पेट्या तिथे बनायच्या. पेटीने आवाज अडवायचा असतो, पण कधीकधी पेटीचा पत्राच वाजायला लागतो. तो कुठे वाजतोय हे शोधायचं काम सरांचं. ते पत्र्यावर कान ठेवून शोधायचे. त्यामुळे डाव्या कानाने त्यांना थोडं कमी ऐकू यायचं, आणि वर्गात प्रश्न विचारला की ते उजवा खांदा पुढे करून उभे राहायचे. कारखाना पुढे गुजरातला गेला. सर गेले नाहीत. नोकरी करता करता त्यांनी बाहेरून एम.एस्सी. केलं होतं, त्याच्यावर ते तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे, आणि दर वर्षी नव्याने नेमणूक. सुट्टीत काहीच नाही. आम्ही आलो तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते आणि ते अजून तासिका तत्त्वावरच होते.

कारखान्यातून त्यांनी एक गोष्ट बरोबर आणली होती. ती म्हणजे तो प्रश्न. कुठल्याही वस्तूकडे बघून ते विचारायचे, "टेकलंय की सुटलंय?"

"जे घट्ट बसलंय ते वाजत नाही," ते सांगायचे. "जे पार सुटून पडलंय तेही वाजत नाही. मधलं असतं ना, ते वाजतं."

पी-मॅट्रिक्स त्यांनी आम्हाला ओंकारच्या डब्याच्या झाकणावर शिकवली. झाकण थोडं चेपलेलं होतं. ते टेबलावर पालथं ठेवून सरांनी त्याच्या कडेवर एका ठिकाणी बोट दाबलं. दुसरी बाजू उचलली गेली. "इथे टेकलं, तिथे सुटलं. प्रत्येक ठिकाणी दोनच शक्यता. टेकलं असेल तर तिथे दाब आहे, फट नाही. सुटलं असेल तर फट आहे, दाब नाही. दोन्ही एकदम नाही. आता मला सांगा, मी अमुक इतका भार दिला, तर कुठे टेकेल आणि कुठे सुटेल याचं उत्तर एकच असेल का?"

सरांनी बोट काढलं. झाकण खडखडत परत बसलं.

"एकच असलं तर झाकण शहाणं. त्याच भाराला दोन उत्तरं असली, तर झाकणाला कळत नाही कसं बसायचं. घडीत असं बसतं, घडीत तसं. तेच वाजतं."

मग त्यांनी फळ्यावर आकड्यांचा चौकोन काढला. उत्तर एकच असण्यासाठी त्या चौकोनात काय हवं, ते सांगितलं. एखादी ओळ खोडायची, आणि त्याच क्रमांकाचा स्तंभही खोडायचा. उरलेल्या चौकोनाचा निश्चयक, म्हणजे त्यातल्या आकड्यांच्या गुणाकार-बेरजांतून येणारी एक संख्या, काढायचा. तो धन आला पाहिजे. काही खोडू नका, एक खोडा, दोन खोडा, कुठलेही खोडा, उरेल त्याचा निश्चयक प्रत्येक वेळी धनच आला पाहिजे. तशी असेल तर ती पी-मॅट्रिक्स.

"पी म्हणजे काय सर?" टिटवाळ्याने विचारलं.

ओंकार मागून म्हणाला, "पर्मनंट."

सर तासिकेवर आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. सर उजवा खांदा पुढे करून उभे राहिले. मग हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कोपर, म्हणून तर इतकी वर्षं सिद्ध करतोय."

त्याच तासाला त्यांनी ओंकारचा मोबाइल हातात घेऊन सगळ्यांना दाखवला होता. म्हणाले, यात एक बारीक चिप असते, तिच्यात विजेचा सिग्नल क्षणभर आवाजाची लाट होतो, स्फटिकाच्या पाठीवरून धावतो आणि पुन्हा वीज होतो. ती चिप बनवणारे इंजिनिअरही एक पी-मॅट्रिक्स वापरतात, लाटेला दोन दारं आणि विजेला तिसरं, कुठून काय आत जातं नि कुठून काय बाहेर येतं त्याचा हिशोब. कणांच्या टकरीचं भौतिकशास्त्र करणाऱ्यांची आणखी तिसरीच. "पण ह्या आपल्या नव्हेत. आडनाव एक दिसलं म्हणून पाहुणे समजू नका."

आणि तासाच्या शेवटी एक वाक्य फळ्यावर लिहिलं. ते वाक्य सर दर थोड्या दिवसांनी लिहायचे. 'नाही म्हणायला एक पुरतो. हो म्हणायला सगळे तपासावे लागतात.' म्हणजे एकच निश्चयक ऋण निघाला की ती पी-मॅट्रिक्स नाही, विषय संपला. पण आहे असं म्हणायचं तर एकही सोडता येत नाही. चौकोन एका ओळीने वाढला की काम दुप्पट होतं. हे वाक्य ते गणितासाठीच लिहायचे. आम्हीच त्याचे भलते अर्थ काढायचो. नोकरीच्या मुलाखतींवरून, स्थळांवरून. टिटवाळ्याचं लग्न तेव्हा दोनदा मोडलं होतं, तिने ते वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेलं.

सर गोड स्वभावाचे होते असं मात्र नाही. चिडके होते. कुणी "समजलं" म्हणालं आणि समजलेलं नसलं तर दोन दिवस त्याच्याशी बोलत नसत. चहा कुणाचा घेत नसत आणि कुणाला पाजतही नसत. विभागप्रमुख मॅडमशी त्यांचा एका डुगडुगत्या टेबलावरून वाद झाला होता. सर म्हणाले, चौथा पाय कापून टाका, तीन पायांचं टेबल कधी डुगडुगत नाही, जमीन कशीही असो तिन्ही पाय टेकतातच. मॅडमना वाटलं हे आपली थट्टा करताहेत. सर थट्टा करत नव्हते. ते खरंच करवत घेऊन आले होते. पुढे पुष्कळ दिवस मॅडम शिपायाकरवीच त्यांना निरोप द्यायच्या.

इतकी वर्षं सर काय सिद्ध करत होते, ते आम्हाला दुसऱ्या वर्षाला कळलं. पत्रा क्लॅम्पने, म्हणजे लोखंडी पकडीने धरून ठेवतात, प्रत्येक क्लॅम्पची चौकोनात एक ओळ, आणि क्लॅम्पशी पत्रा घासतो. या घर्षणामुळे चौकोनातले आकडे बिघडतात, आणि फार घर्षण असेल तर पी-मॅट्रिक्स राहत नाही. सरांचं म्हणणं असं, की घर्षण एका मर्यादेच्या आत ठेवलं तर क्लॅम्प कितीही लावा, पी-मॅट्रिक्स टिकते. मर्यादा त्यांनी काढली होती. चार क्लॅम्पपर्यंत सगळे निश्चयक हाताने तपासले होते. त्यापुढे कितीही क्लॅम्पसाठी सिद्धता लिहिली होती. हाच त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध. आणि त्याच वर्षी आमच्या विभागात कधी नव्हे ती एक कायमची जागा निघणार होती. अर्जाला पीएच.डी. लागत होती. नंतर पुन्हा जागा निघेपर्यंत सरांचं वय बसणार नव्हतं. प्रबंध वेळेत दिला तर सर कायम होणार, नाहीतर कधीच नाही, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं. विभागप्रमुख मॅडमसुद्धा नरमल्या होत्या. एकदा शिपायाला न पाठवता स्वतः येऊन म्हणाल्या, "रणपिसे, या वेळी आटपा हो."

प्रबंधात एक तक्ता घालायचा म्हणून सरांनी ओंकारला आणि मला वर्तकनगरला घरी बोलावलं. वसाहतीतली जुनी तळमजल्यावरची खोली. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, पोस्टात नोकरीला होत्या. मी आत पाऊल टाकलं आणि काहीतरी वेगळं वाटलं. थोड्या वेळाने कळलं. त्या घरात काही वाजतच नव्हतं. कपाटाची दारं, खिडक्या, शोकेसच्या काचा, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर, सगळ्यांच्या मागे कागदाच्या घड्या.

"बघून घे," काकू मला म्हणाल्या. "रस्त्यावरून रणगाडा गेला तरी आमची कपबशी हलायची नाही. माझ्या बांगड्यांना तेवढी पाचर मारायची राहिलीय."

"त्या वाजलेल्या चालतात," सर आतून म्हणाले.

"ऐकलंस? लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यातलं हे एकच गोड वाक्य." मग त्यांनी पोहे दिले आणि ओंकारच्या शेजारी बसून हळूच विचारलं, "होईल ना रे या वेळी? तुम्हाला कळतं त्यातलं. ह्यांना विचारलं की निश्चयक सांगत बसतात."

ओंकार म्हणाला, "काकू, टेन्शन नॉट. मी प्रोग्रॅम लिहितोय. कॉम्प्युटर सगळे तपासेल, सरांचा तक्ता एकदम भारी दिसेल."

पुढच्या आठवड्यात ओंकार मला लायब्ररीत शोधत आला. लॅपटॉप उघडून समोर ठेवला. "ए, बघ ना जरा. माझा प्रोग्रॅम गंडलाय बहुतेक. सहा क्लॅम्पला एक लाल दाखवतोय."

सहातला दुसरा खोडून उरलेल्या पाचांचा निश्चयक ऋण येत होता. अगदी किंचित, शून्याच्या जरासा खाली. मलाही वाटलं प्रोग्रॅमच चुकलाय. दशांश चिन्हांनी गडबड होते कधीकधी. म्हणून मी अपूर्णांक घेऊन हाताने काढला. ऋण आला. दुसऱ्या पद्धतीने काढला. ऋण आला. ओंकार माझ्या कागदाकडे बघत होता. "च्यायला," तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

सांगायचं की नाही, हा प्रश्न त्या दिवशी आमच्या डोक्यात आलाच नाही. तपासायला सरांनीच सांगितलं होतं. आम्ही सरळ वर्गात गेलो. सर पाचरीची घडी घालत होते. मी कागद पुढे केला.

त्यांनी तो वाचला. "खडवली, हे तुम्ही हाताने केलंत?"

"हो सर. दोनदा."

त्यांनी फळा पुसला आणि स्वतः करायला घेतलं. पाच ओळी, पाच स्तंभ. वर्गात बाकीची मुलं येऊन बसली, त्यांना वाटलं हा आजचा धडा आहे. टिटवाळ्याने वहीत उतरवूनही घेतलं. सर शेवटच्या ओळीला आले, ऋण चिन्ह काढलं आणि खडू ठेवला. मग आपल्या सिद्धतेचे कागद पिशवीतून काढून उलटत गेले. एका पानावर थांबले. तिथे लिहिलं होतं, 'पुढची पायरी उघड आहे.' ते मी स्वतः वाचलं. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. आम्ही "उघड आहे" असं लिहिलं की ते कागद फेकून द्यायचे.

"सर, पण एवढुसं आहे," ओंकार म्हणाला. "मर्यादा जरा खाली घ्या ना. होईल जुगाड."

"बघतो," सर म्हणाले. पुलावरून ट्रक गेला. काच वाजली. पाचर सरांच्या हातातच राहिली होती.

त्यांनी मर्यादा खाली घेतली. ओंकारने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. सहाला पास झालं, आठला ऋण निघालं. आणखी खाली घेतली. आठला पास, पुढे ऋण. दर वेळी तेच. मर्यादा कितीही खाली नेली तरी क्लॅम्प वाढवत गेलं की कुठेतरी ती मोडायची. शेवटी मर्यादा शून्यावरच जाणार, हे आम्हाला दिसायला लागलं. म्हणजे घर्षण नसेल तर सरांचं म्हणणं खरं. पण ते तर आधीपासून सगळ्यांनाच माहीत होतं.

त्यानंतर काही दिवस सर कॉलेजात आले नाहीत. ओंकार आणि मी वर्तकनगरला गेलो. दार काकूंनी उघडलं. या वेळी पोहे नव्हते. सर आतल्या खोलीत होते. काकू आमच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"त्यांच्या गाईडचा फोन आलेला. म्हणाले, रणपिसे, तुम्ही द्या प्रबंध, बाहेरचा परीक्षक इतकं खोलात बघत नाही. निम्म्या प्रबंधांत असली भोकं असतात. स्वतः गाईड म्हणतात! आणि हे नाही म्हणताहेत." त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला एक सांग बाळा. तुम्ही दोघांनी सांगितलं नसतं तर?"

ओंकार जमिनीकडे बघत होता.

"पोरांना काय विचारतेस," सर दारात येऊन उभे राहिले. "मला विचार."

"तुम्हाला विचारून झालंय."

"त्यावर उद्या कुणी काही बांधलं तर? पुलाला पत्रे लावतात आवाज अडवायला. कुणी माझं प्रमेय घेऊन क्लॅम्प लावले..."

"कोण बांधतंय तुमच्या प्रमेयावर?" काकू म्हणाल्या. "नाव तरी कुणी घेतलंय आजवर? तुमचा तो एक लेख छापून आला, त्यावर एका माणसाचं पत्र आलं? एकाचं?"

मला वाटलं आता ते चिडतील. ते चिडले नाहीत.

"तेही खरं," ते म्हणाले. "कुणीच बांधणार नाही."

"मग?"

"मग काही नाही. चूक आहे ते."

काकू उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, कसलाच आला नाही. रडत होत्या की नाही, ते आम्हाला कळलं नाही. सर आमच्याजवळ बसले आणि ओंकारला म्हणाले, "कोपर, प्रोग्रॅम चांगला लिहिलात." ओंकारच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मुलगा कशानेच रडायचा नाही.

मी तेव्हापासून पुष्कळदा विचार केला आहे. सर बरोबर होते असं मला शिकवलं गेलं, त्यांनीच शिकवलं. पण काकूंचं बोलणं मला खोडता येत नाही. त्या प्रमेयावर खरंच कुणी काही बांधणार नव्हतं. ते चुकीचं राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं, आणि एका घराचं सगळं ठीक झालं असतं. हा हिशोब मी दोन्ही बाजूंनी करून पाहते. दोन्ही बाजूंनी तो जमत नाही.

जागा एका तरुण मुलाला मिळाली. तो चांगला होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने सरांना बसायला खुर्ची दिली होती, सर बसले नाहीत. पुढच्या वर्षी एम.एस्सी.ला पुरेसे प्रवेशच झाले नाहीत आणि वर्ग बंद झाला. तासिकाही संपल्या. निरोप समारंभ कायम शिक्षकांचा होतो. आमचं वर्ष संपताना सर एके दिवशी आमचे अंतर्गत गुण जमा करून गेले आणि परत आले नाहीत, इतकंच. त्या खोलीत आता परीक्षेचे जुने पेपर ठेवतात. खिडक्या सरकत्या अॅल्युमिनियमच्या केल्यात. त्या वाजत नाहीत, पण नीट लागतही नाहीत.

ओंकार एका कंपनीत लागला. पुढे शिकणार नाही म्हणाला. गणिताचं नाव काढलं की विषय बदलतो. टिटवाळ्याचं लग्न झालं. मी ठाण्याला बी.एड.ला प्रवेश घेतला. पीएच.डी. करायची माझीही इच्छा होती, पण मी अर्ज केला नाही. का ते मला नीट सांगता येत नाही. आईने एकदा विचारलं, "पाचरवाले सर काय करतात गं आता?" मी म्हटलं, माहीत नाही. आणि खरंच माहीत नव्हतं. फोन लावावासा वाटायचा, पण काकूंनी उचलला तर काय बोलायचं, या विचाराने राहून जायचं.

गेल्या महिन्यात मी त्यांना पाहिलं. माजिवड्याला, दुपारी, जिथे पुलाचं आणि मेट्रोचं काम एकावर एक चाललंय, तिथे. रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी होती, आणि तिच्यापुढे तिपाईवर आवाज मोजायचं यंत्र, वर फोमचा काळा गोळा. कामाच्या ठिकाणी आवाज किती होतो ते मोजून दाखला द्यावा लागतो, त्यासाठी कंत्राटदार माणसं ठेवतात. यंत्राशेजारी डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेले सर उभे होते. बारीक झालेले. उजवा खांदा पुढे.

मी रस्ता ओलांडला. मला एकच गोष्ट विचारायची होती. काकूंनी विचारलेली तीच. आम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का सर? दुसऱ्या कुणाच्या उत्तराने माझं समाधान होणार नव्हतं. मी जवळ गेले, त्यांनी मला पाहिलं. ओळखलं. चेहरा उजळला, अगदी पहिल्यासारखा. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी तळहात वर केला.

मोजणी चालू होती. यंत्राजवळ बोललं की आकडा बिघडतो.

मी गप्प उभी राहिले. आम्ही दोघंही उभे राहिलो. वरच्या जुन्या पुलावरून ट्रक जात होते. पुलाच्या कठड्याला आवाज अडवायचे नवे पत्रे बसवले होते, आणि प्रत्येक ट्रकबरोबर त्यातला एक पत्रा वाजत होता. सरांनी मान वर केली. कुठला पत्रा ते त्यांनी लगेच ओळखलं असणार, कारण बोटाने मला दाखवला, आणि मग बोट खाली, त्याच्या क्लॅम्पकडे. सुटलाय. त्यांच्या ओठांवरून मला कळलं. तो पत्रा फार उंच होता. यंत्रावरचा आकडा हलत होता, आणि त्या आकड्यात तो पत्राही मोजला जात होता.

मोजणी संपायच्या आत गाडीतल्या माणसाने हॉर्न दिला. "ओ रणपिसे, चला आवरा, अजून तीन साइट आहेत! इथलं झालं, टाका आकडा!"

"पूर्ण नाही झालं," सर म्हणाले.

"टाका हो! कोण बघतंय?"

सरांनी हातातल्या कागदावर आकडा लिहिला. त्यांनी तो पुरा मोजलेला नव्हता, हे मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. मग ते घाईने यंत्र काढायला लागले. फोमचा गोळा पिशवीत घातला, तिपाई उचलून मिटली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खडवली, शिकताय ना?" मी "हो सर" म्हटलं. तोपर्यंत ते गाडीत बसलेही होते. दार नीट लागलं नव्हतं. गाडी निघाली तेव्हा ते वाजत गेलं.

मी थोडा वेळ तिथेच उभी होते. तिपाई होती तिथे सिमेंटचा सपाट कट्टा होता, आणि त्यावर, एका पायाच्या जागी, कागदाची एक घडी पडली होती. नख फिरवून घट्ट केलेली. तीन पायांना पाचर लागत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.